एंटरप्राइझ आर्किटेक्चरच्या संज्ञा: कोणती कुठे आणि कोणत्या क्रमाने वापरायची

एंटरप्राइझ आर्किटेक्चर म्हणजे धंदा, त्याची माहिती आणि त्याची सॉफ्टवेअर एकमेकांत कशी बसतात याचा आराखडा. बहुतेक ठिकाणी हे काम उलट्या टोकाने सुरू होतं. कोणीतरी प्रेझेंटेशन उघडतो, सॉफ्टवेअरच्या नावांचे चौकोन काढतो, मध्ये बाण ओढतो आणि वर 'आर्किटेक्चर' असं लिहितो. चित्र दिसायला झकास होतं. मग मालक विचारतो, "बरं, नवीन ईआरपी घ्यायचं की नाही?" आणि ईआरपीबद्दल, म्हणजे सगळ्या विभागांचं काम एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल, त्या चित्रात उत्तर सापडत नाही. केपेबिलिटी, व्हॅल्यू स्ट्रीम, बेसलाइन, रोडमॅप हे शब्द सर्टिफिकेशनसाठी पाठ झालेले असतात. कोणता शब्द कोणत्या प्रश्नाला लावायचा, तिथे गाडी अडते.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत चालवलं आहे. धंदा काल्पनिक आहे, पण नागपुरात फिरणाऱ्याला ओळखीचा वाटेल. बुटीबोरी एमआयडीसीत पीव्हीसी पाइप आणि ठिबकच्या सामानाचा कारखाना, वाडीला गोडाऊन, इतवारीत जुनं ऑफिस. डीलर विदर्भभर, शिवाय सिवनी, छिंदवाडा आणि रायपूरकडे. हिशेब टॅलीत, स्टॉक एक्सेलमध्ये, ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर. मिहानमधल्या आयटी कंपनीत किंवा एखाद्या बँकेत काम करणाऱ्यांनाही क्रम हाच. त्यांचे तक्ते लांब होतील एवढंच.

## तयारी: लॅपटॉप उघडण्याआधी

पहिली गरज प्रश्नाची. 'आमचं सगळं सिस्टीमॅटिक करून द्या' एवढ्यावर काम सुरू करू नका. मालकासमोर बसा आणि हो-नाहीत किंवा आकड्यात उत्तर देता येईल असा एक प्रश्न त्याच्याकडून काढून घ्या. आपल्या उदाहरणात तो असा: 'रायपूरच्या डीलरची ऑर्डर सकाळी आली, माल गोडाऊनला पडलेला आहे, तरी गाडी दुसऱ्या दिवशी का निघते?'

दुसरी गरज निर्णय घेणाऱ्या माणसाची. तक्ते बघून 'हे बंद, हे सुरू' असं कोण म्हणणार, ते आधीच ठरवा. असा माणूस नसेल तर काम पुढे ढकला.

तिसरी गोष्ट शब्दांची वही. एक साधी शीट: शब्द, आपल्या कंपनीत त्याचा अर्थ, कोणी ठरवला. 'ऑर्डर' म्हणजे डीलरचा मेसेज, की ऑफिसने होकार दिल्यावरची नोंद? 'डिस्पॅच' म्हणजे बिल फाटलं ती वेळ, की ट्रक फाटकाबाहेर पडला ती? हे आज लिहिलं नाही तर तिसऱ्या बैठकीत यावरूनच वाजणार.

तपासा: प्रश्न एका वाक्यात लिहिलेला आहे का? तो मालकाला वाचून दाखवल्यावर तो 'हो, हेच' म्हणाला का?

## पायरी १: एंटरप्राइझची हद्द आणि स्टेकहोल्डर

एंटरप्राइझ म्हणजे नोंदणी झालेली कंपनीच असं नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ज्या सगळ्यांच्या हातात मिळून आहे, ती तुमची हद्द. इथे इतवारी ऑफिस, वाडी गोडाऊन आणि ट्रान्सपोर्टर येतात. कारखान्यातलं एक्स्ट्रूडर मशीन येत नाही, मग तिथला मॅनेजर कितीही उत्साही असो. हद्दीबाहेरच्या गोष्टी 'आत्ता नाही' या मथळ्याखाली लिहून ठेवा, म्हणजे त्या दर आठवड्याला मागच्या दाराने परत येत नाहीत.

स्टेकहोल्डर म्हणजे या कामाच्या निकालाशी ज्याचा संबंध आहे तो. त्यांच्या यादीत प्रत्येकासमोर त्याची चिंता लिहा. आर्किटेक्चरच्या भाषेत हा 'कन्सर्न'. मालकाला गाडी वेळेत हवी, अकाउंटंटला उधारीची मर्यादा पाळायला हवी, गोडाऊनकीपरला कागदावरचा माल आणि रॅकवरचा माल जुळायला हवा. एका स्टेकहोल्डरच्या चिंतेला उत्तर देणारं चित्र म्हणजे 'व्ह्यू', आणि तसं चित्र काढायचे नियम म्हणजे 'व्ह्यूपॉइंट'. आयएसओ ४२०१० या मानकात हा फरक नेमका दिला आहे. व्यवहारात एवढं लक्षात ठेवा: एकच चित्र सगळ्यांना दाखवायचं नाही. गोडाऊनकीपरला सर्व्हरचं चित्र दाखवून काय उपयोग?

## पायरी २: केपेबिलिटी मॅप

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून थोडं थांबू.

केपेबिलिटी म्हणजे धंद्याला काय करता यायला हवं. कोण करतं, कसं करतं, कोणत्या सॉफ्टवेअरवर करतं, हे त्यात येत नाही. 'उधारी नियंत्रण' ही केपेबिलिटी. 'अकाउंट्स' हा विभाग. 'लेजर उघडून बाकी बघणे, जास्त असेल तर शेठला फोन करणे' ही प्रोसेस. 'टॅली' हे अ‍ॅप्लिकेशन. चारही गोष्टी एकाच यादीत कोंबलेल्या दिसल्या तर ती यादी फाडा आणि नव्याने लिहा.

ओळखायची युक्ती सोपी आहे. उद्या अकाउंट्स विभाग बंद करून काम बाहेरच्या सीएकडे दिलं, टॅलीच्या जागी दुसरं काही आणलं, तरी जे करावंच लागेल ती केपेबिलिटी. नाव नामासारखं ठेवा: 'ऑर्डर स्वीकृती', 'साठा दृश्यता', 'उधारी नियंत्रण', 'वाहतूक नियोजन', 'बिलिंग'. नावात 'टीम', 'विभाग' किंवा सॉफ्टवेअरचं नाव आलं की समजा पाय घसरला.

पहिल्या पातळीवर सात-आठ, त्याखाली प्रत्येकी चार-पाच, एवढ्यावर थांबा. तिसऱ्या पातळीवर उतरायचा मोह आवरा. प्रश्नाशी संबंध असलेल्या एक-दोन केपेबिलिटीच तेवढ्या खोल उघडा. मग प्रत्येकीला दोन रंग द्या: धंद्यासाठी किती महत्त्वाची, आणि आज किती नीट चालते. महत्त्वाची आणि दुखरी, अशा कोपऱ्यात जे पडेल तिथेच पैसा जायला हवा. आपल्या उदाहरणात तिथे 'साठा दृश्यता' आणि 'उधारी नियंत्रण' येतात. ज्याच्यासाठी मालक ईआरपीवाल्यांच्या डेमोंना बसत होता ते 'बिलिंग' त्या कोपऱ्यात नाहीच.

सावधान: रंग एकट्याने भरू नका. गोडाऊनकीपर आणि अकाउंटंट यांच्याकडून वेगवेगळे भरून घ्या आणि मग शेजारी ठेवा. जिथे दोघांचे रंग जुळत नाहीत, तिथेच खरी माहिती दडलेली असते.

## पायरी ३: व्हॅल्यू स्ट्रीम

केपेबिलिटी मॅप स्थिर असतो. व्हॅल्यू स्ट्रीम म्हणजे ग्राहकाच्या मागणीपासून त्याच्या हातात माल पडेपर्यंतचे टप्पे, ग्राहकाच्या बाजूने पाहिलेले. इथे पाच पुरतात: ऑर्डर आली, मान्य झाली, माल राखून ठेवला, गाडी भरली, माल पोचला. प्रत्येक टप्प्याखाली तो कोणत्या केपेबिलिटीच्या जिवावर चालतो ते लिहा. आर्किटेक्चरमध्ये या जोडणीला 'मॅपिंग' म्हणतात आणि पायरी २ चा कागद पहिल्यांदा उपयोगी पडतो तो इथे.

माहिती गोळा करताना 'तुमची प्रोसेस काय?' असं विचारू नका. माणूस कशी असायला हवी ते सांगतो. 'काल सुटलेली शेवटची गाडी कशी सुटली?' असं विचारा. वाडीच्या गोडाऊनला मग असं काही ऐकायला मिळेल: "स्क्रीनवर माल तर दिसून राहिला भाऊ, पण इथं नाही ना!" हे वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवा. कुठल्याही फ्लोचार्टपेक्षा त्यात जास्त आहे.

आता टप्प्यांमधली थांबण्याची वेळ बघा. आंतरराज्य मालाची किंमत ५०,००० रुपयांच्या वर गेली की ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद, लागतं. त्याच्या भाग 'अ' मध्ये मालाचा तपशील, भाग 'ब' मध्ये गाडी नंबर. बिल बनतं इतवारीत, गाडी नंबर कळतो वाडीत, तोही ट्रक लागल्यावर. मग फोन, मग फोटो, मग 'साहेब जेवायला गेलेत'. ट्रक भरून उभा आणि भाग 'ब' रिकामा. दोष सॉफ्टवेअरचा नाही. एका टप्प्यासाठी लागणारी माहिती एका जागी आणि ती भरायचा अधिकार दुसऱ्या जागी, एवढंच झालं आहे. चौकोनांच्या चित्रात हे कधीच दिसलं नसतं.

तपासा: प्रत्येक टप्प्याखाली किमान एक केपेबिलिटी आहे का? एखादी केपेबिलिटी कुठल्याच टप्प्याखाली येत नसेल तर ती हद्दीबाहेरची असावी.

## मध्येच: टोगाफ, झॅकमन आणि आर्किमेट

वाचकांची इथे हमखास गल्लत होते, म्हणून थोडक्यात. झॅकमन ही वर्गवारी आहे: काय, कसं, कुठे, कोण, कधी, का असे सहा स्तंभ आणि त्यावर वेगवेगळ्या भूमिकांच्या ओळी. ती रिकामा रकाना दाखवते. पुढे काय करायचं ते सांगत नाही. टोगाफ ही एंटरप्राइझ आर्किटेक्चरची चौकट. तिच्यात कामाची पद्धत आहे, तिला एडीएम (आर्किटेक्चर डेव्हलपमेंट मेथड) म्हणतात: पूर्वतयारी, मग 'ए' ते 'एच' टप्पे, मध्यभागी गरजांचं व्यवस्थापन. आर्किमेट ही चित्र काढायची भाषा. तिघांत 'कोणतं चांगलं' हा प्रश्न गैरलागू आहे, कारण तिघांचं काम निरनिराळं.

एडीएमचे सगळे टप्पे आणि सगळी कागदपत्रं करायलाच हवीत असंही नाही. पद्धत आपल्या गरजेप्रमाणे कापून घ्या असं टोगाफ स्वतःच सांगतं. छोट्या धंद्यात शंभर पानी डॉक्युमेंट ठेवणाऱ्या सल्लागाराकडे मी तरी संशयानेच बघतो.

## पायरी ४: डेटा, अ‍ॅप्लिकेशनच्या आधी

टोगाफच्या 'सी' टप्प्यात डेटा आणि अ‍ॅप्लिकेशन कोणत्याही क्रमाने घेता येतात. माझा आग्रह: डेटा आधी. सॉफ्टवेअर बदलतं, पण ग्राहकांच्या यादीतला गोंधळ नव्या सॉफ्टवेअरमध्येही सामानासकट राहायला येतो.

वहीत प्रश्नाशी संबंधित मुख्य एन्टिटी, म्हणजे ज्यांची नोंद ठेवायची त्या गोष्टी, लिहा: पार्टी, वस्तू, ऑर्डर, साठा, बिल. यातली पार्टी आणि वस्तू हा 'मास्टर डेटा', म्हणजे क्वचित बदलणारा आणि सगळीकडे वापरला जाणारा. बाकीचे रोजचे व्यवहार. प्रत्येक एन्टिटीसमोर तीन रकाने: अधिकृत नोंद कुठली (याला 'सिस्टीम ऑफ रेकॉर्ड' म्हणतात), मालक कोण, प्रती कुठे कुठे आहेत. मालक म्हणजे टाइप करणारा मुलगा नव्हे. चूक निघाल्यावर जो जबाबदार, तो.

पार्टीचं उदाहरण नीट बघा. टॅलीत 'गणेश ट्रेडर्स', एक्सेलमध्ये 'गणेश रायपूर', सेल्समनच्या फोनमध्ये 'गणेशभाऊ पाइपवाले'. जोडायचं कशावर? पटकन सुचतो जीएसटी नंबर. पण त्याची रचना समजल्याशिवाय त्याला चावी करू नका. पंधरा अक्षरांतली पहिली दोन राज्याची: महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३, छत्तीसगड २२. पुढची दहा म्हणजे पॅन. म्हणजे एकाच डीलरची रायपूर आणि सिवनीला नोंदणी असेल तर त्याचे दोन जीएसटी नंबर होतात, आणि उधारीची मर्यादा दोनदा मिळते. उलट एका राज्यात एकाच नंबरवर तीन गोडाऊनं असू शकतात, म्हणून तो नंबर म्हणजे पत्ताही नाही. आणि खेड्यातल्या लहान दुकानदाराकडे तो नसेलही.

म्हणून तीन पातळ्या करा. पार्टी, जी पॅनने ओळखायची. इथे उधारी लावायची. तिच्याखाली जीएसटी नोंदणी. इथे बिल फाडायचं. तिच्याखाली माल उतरवायचं ठिकाण, त्याला आपला स्वतःचा कोड. इथे गाडी पाठवायची. नोंदणी नसलेल्यांना आपला कोड द्या आणि पॅनचा रकाना रिकामा राहू द्या. खोटा नंबर भरायला लावू नका.

वस्तूंमध्ये एककाचा सापळा असतो. कारखाना किलोत बोलतो, गोडाऊन नगात, डीलर मीटरमध्ये. ११० मिलिमीटरच्या दोन पाइपांची लांबी सारखी असली तरी भिंतीच्या जाडीतल्या मान्य फरकामुळे वजन थोडं मागेपुढे होतं. किलोला ठरावीक आकड्याने भागून नग काढले की स्क्रीनवरचा माल आणि रॅकवरचा माल जुळणं बंद. साठ्याचं मूळ एकक नग ठेवा. किलो ही वेगळी नोंद.

सावधान: डेटाची साफसफाई 'सॉफ्टवेअर आल्यावर करू' असं कोणी म्हणालं तर ती कधीच होणार नाही.

## पायरी ५: अ‍ॅप्लिकेशन आणि इंटरफेस

आता सॉफ्टवेअरची यादी. एक्सेल शीट आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही त्यात घ्या. ज्यावर धंदा चालतो ते अ‍ॅप्लिकेशनच. प्रत्येकासमोर ते कोणती केपेबिलिटी पेलतं आणि कोणत्या एन्टिटीला हात लावतं ते लिहा. एकाच केपेबिलिटीसमोर तीन नावं आली तर दुबारपणा. एकही नाव नसेल तर ते काम कोणाच्या तरी डोक्यात चाललं आहे.

मग एका अ‍ॅप्लिकेशनमधून दुसऱ्यात माहिती जाते तिथे बाण काढा. हाच 'इंटरफेस'. बाणांचा नियम कडक ठेवा. प्रत्येक बाणावर चार गोष्टी: कोणता डेटा, कोणत्या दिशेने, कधी, आणि आपोआप की हाताने. एका स्क्रीनवर बघून दुसऱ्या स्क्रीनवर टाइप करणारा माणूस हाही इंटरफेसच, आणि सगळ्यात महागडा. बाहेरचे बाण विसरू नका. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून व्यापाऱ्यांमधल्या बिलांसाठी ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे. म्हणजे बिल सरकारी पोर्टलवर जाऊन आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, घेऊन परत येतं. हा बाण चित्रात नसेल तर नव्या बिलिंगचा अंदाज चुकणार.

मग प्रत्येक अ‍ॅप्लिकेशनचा निकाल लावा. गार्टनर या सल्लागार कंपनीची 'टाइम' पद्धत (खालच्या चार निकालांची इंग्रजी आद्याक्षरं) इथे पुरते. धंद्याला उपयोगी आणि तांत्रिकदृष्ट्या धड असेल तर 'इन्व्हेस्ट'. उपयोगी पण मोडकळीला आलेलं, तर 'मायग्रेट'. धड पण फारसं उपयोगी नाही, तर 'टॉलरेट'. दोन्ही नाही, तर 'एलिमिनेट'. आपल्याकडे टॅली 'इन्व्हेस्ट' मध्ये, स्टॉकचं एक्सेल 'मायग्रेट' मध्ये.

## पायरी ६: टेक्नॉलॉजी

इथे कमी वेळ घालवा. वाडीला इंटरनेट एका लाइनवर आहे का, बॅकअप शेवटचा कधी उघडून पाहिला, टॅलीचा डेटा कोणत्या संगणकावर आणि तो कोणाच्या टेबलाखाली. पत्र्याच्या शेडमधल्या कोपऱ्यात सर्व्हर ठेवलेला असेल तर नागपूरचा मे महिना हाही आर्किटेक्चरचा मुद्दा धरा.

## पायरी ७: बेसलाइन, टार्गेट, गॅप

आतापर्यंत काढलं ते 'बेसलाइन', म्हणजे आजचं. 'टार्गेट' म्हणजे प्रश्न सुटलेला असेल तेव्हाचं. दोन चित्रं शेजारी टांगून फरक डोळ्यांनी शोधू नका. हमखास काहीतरी निसटतं.

टोगाफमधला तक्ता वापरा. डावीकडे वरून खाली आजचे घटक, वर आडवे उद्याचे. शेवटी एक जादा स्तंभ 'काढलं' आणि एक जादा ओळ 'नवीन'. आजच्या प्रत्येक घटकासमोर कुठेतरी खूण पडलीच पाहिजे: तसाच राहतो, बदलतो किंवा काढला. ज्या ओळीत एकही खूण नाही, तो घटक तुम्ही विसरला आहात. आपल्या तक्त्यात ती ओळ निघते 'परत आलेला माल'. तो आज गोडाऊनकीपरच्या लाल वहीत आहे आणि उद्याच्या चित्रात कुठेच नाही. ईआरपी सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात भांडण याच्यावरूनच झालं असतं.

तपासा: 'काढलं' मधल्या प्रत्येक घटकावर मालकाची सही. गप्प बसणं म्हणजे संमती असं धरू नका.

## पायरी ८: रोडमॅप

गॅप म्हणजे रोडमॅप नव्हे. गॅप एकत्र करून कामांचे गठ्ठे बांधा ('वर्क पॅकेज'), मग कोणतं कोणावर अवलंबून आहे ते बघा. एकदम उडी मारता येत नसेल तर मधला मुक्काम ठरवा. याला 'ट्रान्झिशन आर्किटेक्चर' म्हणतात. त्याची अट एकच: काम तिथेच थांबलं तरी धंदा नीट चालला पाहिजे.

आपल्या उदाहरणात पहिला गठ्ठा पार्टी आणि वस्तू यांच्या याद्या, ज्याला एक रुपयाचं सॉफ्टवेअर लागत नाही. दुसरा, गाडी नंबर भरायचा अधिकार वाडीला देणं. मूळ प्रश्नाचा बराचसा भाग इथेच सुटतो. तिसरा, एक्सेलच्या जागी साठ्याचं सॉफ्टवेअर, नग हे एकक धरून. ऑर्डरचं अ‍ॅप सर्वांत शेवटी.

तारखा धंद्याच्या ऋतूवरून लावा. नवं वर्ष म्हणून १ एप्रिल सगळ्यांनाच आवडतो. हिशेबाच्या बदलाला तो ठीकच. पण पाइपवाल्याच्या गोडाऊनला उन्हाळा म्हणजे ऐन हंगाम. साठ्याचा बदल पावसाळ्यात घ्या, गाड्या कमी सुटतात तेव्हा.

## पायरी ९: गव्हर्नन्स

गव्हर्नन्स म्हणजे ठरलेलं पाळलं जातंय का यावर लक्ष ठेवणं. हा शब्द ऐकून समित्या नेमू नका. तीन कागद पुरतात.

पहिला, तत्त्वं. प्रत्येक तत्त्वाला नाव, विधान, कारण आणि परिणाम. परिणामांचा रकाना रिकामा असेल तर ते भिंतीवरचं सुभाषित झालं. 'पार्टी एकदाच आणि एकाच ठिकाणी उघडायची' या तत्त्वाचा परिणाम असा: सेल्समनला फोनवरून नवी पार्टी उघडता येणार नाही, आणि अकाउंट्सने त्याच दिवशी ती उघडून द्यायची. दुसरी अट नसेल तर सेल्समन पहिली मोडणारच.

दुसरा, निर्णयांची वही: काय ठरलं, कोणते पर्याय सोडले, का. धंदा प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कायद्याच्या अटीही इथेच नोंदवा. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलांची नोंद ठेवणारी ऑडिट ट्रेल १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे, त्यामुळे ती नसलेलं स्वस्त सॉफ्टवेअर आपोआप बाद.

तिसरा, सवलतींची यादी. तत्त्व मोडायची वेळ येणारच. मोडू द्या, पण कोणी मोडलं, का, आणि सवलत कोणत्या तारखेला संपते ते लिहून. तारीख नसलेली सवलत म्हणजे नवा नियमच. हे साचत गेलं की त्यालाच पुढे 'टेक्निकल डेट' (तांत्रिक कर्ज) म्हणतात, आणि त्याचं व्याज गोडाऊनला भरावं लागतं.

तिन्ही कागद एका शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, प्रत्येकावर तो ज्याच्या जबाबदारीचा त्याचं नाव आणि शेवटच्या बदलाची तारीख. दर तिमाहीला तासभर बसा: संपलेल्या सवलती, नव्याने घुसलेली एक्सेल शीट, बदललेले बाण. त्या तासाला गोडाऊनकीपरला वाडीहून बोलवा, आणि लाल वही सोबत आणायला सांगा.